हळूहळू आवरणारी पट्टी : पोर्ताबच्या पडद्यावरची एक छोटी विद्या



ज्याला आपण क्रियोलमध्ये 'पोर्ताब' म्हणतो, तो मोबाईल आज आपल्या बहुतेक घरांत पोहोचला आहे. पोर्ट लुईहून क्युरपिपला जाणाऱ्या मेट्रोत पाहा. तरुण, म्हातारे, शाळेची मुले, सगळ्यांची मान खाली आणि अंगठा पडद्यावर. अंगठा वर जातो, मजकूर वर सरकतो. हे दृश्य आपल्या इतके सवयीचे झाले आहे की त्या पडद्यावर काय काय घडते याकडे आपले लक्षच जात नाही.

त्यातली एक छोटी गोष्ट आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. पडद्याच्या अगदी वरच्या बाजूला एक पट्टी असते. तिच्यात त्या पानाचे नाव असते, मागे जाण्याचा बाण असतो, कधी शोधण्याचे भिंग असते. आपण मजकूर वर सरकवू लागलो की ही पट्टी हळूहळू लहान होते, मोठे अक्षर बारीक होते, आणि शेवटी एक अरुंद पट्टी तेवढी राहते. परत मजकुराच्या सुरुवातीला आलो की ती पुन्हा पूर्वीसारखी मोठी होते. अॅप तयार करणारे लोक तिला 'कोलॅप्सिंग बार' म्हणतात. आपण तिला 'आवरती पट्टी' म्हणू या.

मराठीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की आपली काही तरुण मुले आता मराठीसाठी अॅप करू लागली आहेत, आणि मराठी अक्षराला सर्वांत जास्त धोका याच पट्टीत असतो. तो कसा, हे पुढे येईलच. आधी ही पट्टी चालते कशी ते समजून घेऊ.

जागेचा प्रश्न

पहिला आयफोन २००७ साली बाजारात आला. त्याचा पडदा साडेतीन इंचांचा होता. ॲपलच्या मापाने त्याची उंची ४८० पॉइंट. त्यातले २० पॉइंट घड्याळ आणि बॅटरी दाखवणाऱ्या ओळीला, ४४ नावाच्या पट्टीला आणि, खाली बटनांची पट्टी असेल तर, ४९ तिला लागत. म्हणजे ११३ पॉइंट सजावटीतच गेले. वाचायला उरले ३६७. घराची चौथाई जागा ओसरीतच जावी, तसा हा प्रकार.

पट्टी नको म्हणावे तर तेही चालत नाही. आपण कुठे आहोत हे ती सांगते आणि परत जाण्याचा रस्ता तिच्यातच असतो. मग मधला मार्ग निघाला. वाचक आत शिरताना पट्टी मोठी असावी, म्हणजे 'हे अमुक पान' असे ठळक कळेल. आणि तो वाचू लागला की तिने अंग चोरून घ्यावे. दिवाणखान्यात पाहुणे बसले, बोलणे रंगले, की घरची सून चहाचा ट्रे ठेवून हळूच आत जाते. जाते, पण हाकेच्या अंतरावर असते. पट्टीचे काम तसेच आहे.

२०१३ साली आयफोनच्या सातव्या प्रणालीत सफारीची पत्त्याची पट्टी वाचताना आकसू लागली. २०१४ साली गुगलने आपली 'मटेरियल डिझाईन' नावाची मांडणीची पद्धत जाहीर केली, आणि २०१५ साली अँड्रॉइडसाठी असे तयार सुटे भाग दिले की ही पट्टी कोणालाही आपल्या अॅपमध्ये बसवता यावी. २०१७ साली ॲपलने अकराव्या प्रणालीत मोठ्या अक्षरांचा मथळा आणला, जो सरकवल्यावर लहान होतो. २०२५ च्या २६ क्रमांकाच्या प्रणालीत तर खालची बटनांची पट्टीही सरकवताना आकसण्याची सोय झाली. म्हणजे पडदे मोठे झाले तरी हा प्रश्न संपलेला नाही.

एकदम का नाही?

पट्टी लहानच करायची, तर एका झटक्यात का करू नये? करून पाहिले तर कारण लगेच कळते. आपण एक ओळ वाचत असतो. तेवढ्यात वरची पट्टी नाहीशी होते आणि सगळा मजकूर एकदम वर उडी मारतो. डोळा धरलेली ओळ हरवून बसतो. तरुण माणूस ती ओळ पुन्हा शोधतो. आजी मात्र फोन खाली ठेवते आणि म्हणते, 'हे माझ्याने व्हायचे नाही.'

म्हणून नियम असा की पट्टीची चाल बोटाच्या चालीला बांधलेली असावी. बोट थोडे सरकले तर पट्टी थोडी आवरेल. बोट थांबले तर पट्टी थांबेल. बोट मागे आले तर तीही मागे येईल. तिला स्वतःचे घड्याळ नको. घड्याळावर चालणारी पट्टी बोट थांबल्यावरही पळत राहते, आणि मग पडदा आपल्या हातात नाही असे माणसाला वाटते.

त्रैराशिकाचा हिशेब

बोटाला पट्टी बांधायची कशी? इथे शाळेतले त्रैराशिकच कामाला येते. प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मटेरियल डिझाईनची तिसरी आवृत्ती २०२१ साली आली. तिच्यात मोठ्या पट्टीची उंची १५२ आणि आवरलेल्या पट्टीची उंची ६४ ठरवलेली होती. हे माप 'डीपी'चे आहे. सर्वसाधारणपणे १६० डीपी म्हणजे एक इंच असे धरून हे माप बांधले आहे. मथळ्याचे अक्षर मोठ्या पट्टीत २८ आणि लहान पट्टीत २२.

१५२ मधून ६४ वजा केले की ८८ उरतात. पट्टीला एकूण एवढाच प्रवास करायचा आहे. आता बोटाने मजकूर किती सरकला, त्याला ८८ ने भागावे. जो अपूर्णांक येईल तो प्रवासाचा भाग. पट्टीची उंची म्हणजे १५२ वजा ८८ गुणिले तो भाग. अक्षराचा आकार म्हणजे २८ वजा ६ गुणिले तोच भाग. मुलांसाठी हिशेब मांडून दाखवते :

सरकले ०, भाग शून्य : पट्टी १५२, अक्षर २८.
सरकले २२, भाग पाव : पट्टी १३०, अक्षर साडेसव्वीस.
सरकले ४४, भाग अर्धा : पट्टी १०८, अक्षर २५.
सरकले ६६, भाग पाऊण : पट्टी ८६, अक्षर साडेतेवीस.
सरकले ८८, भाग पूर्ण : पट्टी ६४, अक्षर २२.

पुढे मजकूर ५०० सरकला तर? भागाकार एकापेक्षा मोठा येईल आणि पट्टीची उंची शून्याखाली जाईल! म्हणून दोन्ही टोकांना खुंटी ठोकावी लागते : भाग एकापेक्षा जास्त आला तर एकच धरावा, शून्यापेक्षा कमी आला तर शून्यच धरावा. नवशिक्यांकडून हीच खुंटी बहुधा राहून जाते.

एकदा हा अपूर्णांक हाती आला की त्यावर काहीही टांगता येते. मागचे चित्र फिके करायचे असेल, पट्टीचा रंग गडद करायचा असेल, तरी मोजमाप तेच. काही ठिकाणी अक्षर लहान न करता दोन मथळे ठेवतात, एक मोठा आणि एक लहान. तेव्हा पहिल्या अर्ध्या प्रवासात मोठा मथळा विरून जावा आणि दुसऱ्या अर्ध्यात लहान मथळा उमटावा. दोन्ही एकाच वेळी दिसले तर एकावर एक दोन अक्षरे वाचल्यासारखे होते.

पहिला मान कोणाचा?

आता जरा खोल प्रश्न. बोट सरकले १००. ते पट्टीने वापरायचे की मजकुराने? घरात मिठाईचा पुडा आला की आधी कोणाला द्यायचा हे ठरलेले असावे लागते, नाहीतर मुलांची भांडणे होतात. पडद्यावरही तसेच आहे.

वर सरकवताना पहिला मान पट्टीचा. तिला ८८ लागतात, ते ती घेते; उरलेले १२ मजकुराला मिळतात. तोवर मजकूर पट्टीच्या कडेला चिकटूनच वर येतो, म्हणून डोळ्याला खंड जाणवत नाही.

खाली परत येताना मात्र दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत पहिला मान मजकुराचा. तो अगदी सुरुवातीला पोहोचला आणि काही उरले, तरच पट्टी उघडते. ही रीत लांब लेख आणि पुस्तके वाचण्यासाठी चांगली. दोन ओळी मागे जाऊन पाहिले तरी पट्टी मध्ये येत नाही. दुसऱ्या रीतीत बोट मागे वळले की पट्टी तत्काळ हजर होते, मग आपण मजकुराच्या कितीही तळाशी असलो तरी. बातम्या, दुकानाची यादी किंवा शब्दकोश यांना ही बरी, कारण तिथे शोधण्याचे भिंग सारखे लागते. तिसरी एक मधली रीत आहे : मागे वळताच पट्टी लहान रूपात येते, आणि पूर्ण रूप मात्र सुरुवातीला गेल्यावरच घेते.

कोणती रीत निवडावी हे वाचकाच्या कामावरून ठरवावे. दुसऱ्या अॅपमध्ये आहे म्हणून आपल्यातही आणू नये.

मध्येच बोट उचलले तर?

पट्टी अर्धी आवरलेली असताना वाचकाने बोट उचलले, तर ती तशीच लोंबकळत राहते. ना मोठी, ना लहान. त्यावर उपाय असा की जे टोक जवळ असेल तिकडे तिने आपले आपण जावे. प्रवास अर्ध्याहून कमी झाला असेल तर उघडावे, जास्त झाला असेल तर आवरावे. घड्याळावर चालण्याची परवानगी पट्टीला इथे तेवढी आहे, कारण बोट आता पडद्यावर नाही.

दुसरी गोष्ट झटक्याची. आपण अंगठ्याने जोरात झटका देतो आणि बोट उचलल्यावरही मजकूर धावत राहतो. तो धावत सुरुवातीला पोहोचला, तर उरलेला वेग पट्टीला मिळायला हवा. अँड्रॉइडच्या त्या तयार भागांत सुरुवातीला हे नीट होत नसे. मजकूर सुरुवातीला येऊन एकदम थबके आणि पट्टी मिटलेलीच राही. २०१७ च्या आवृत्तीत ही उणीव दूर झाली. मोठ्या कंपनीलाही इतक्या छोट्या गोष्टीसाठी दोन वर्षे लागली, हे आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

पाय घसरण्याच्या जागा

अॅप शिकणाऱ्या मुलांसाठी चार जागा सांगते.

एक : पट्टी लहान झाली म्हणून मजकुराची चौकट मोठी करू नये. चौकट बदलली की सरकलेले अंतर बदलते, अंतर बदलले की पट्टी बदलते, पट्टी बदलली की पुन्हा चौकट. कुत्रा आपल्याच शेपटीमागे फिरतो तसे होऊन पडदा थरथरू लागतो. चौकट पूर्ण पडद्याची ठेवावी, मजकुराच्या माथ्यावर तेवढी रिकामी जागा सोडावी, आणि पट्टी वरून पांघरावी.

दोन : मजकूर थोडाच असेल, पडद्यात मावण्याजोगा असेल, तर पट्टी आवरू नये. तिथे सरकवायला जागाच नसते.

तीन : आयफोनवर मजकूर टोकाला गेला की रबरासारखा ताणून परत येतो. तळाशी हे घडले की तो थोडा मागे येतो. भोळ्या पट्टीला वाटते की वाचकच मागे वळला, आणि ती उगाच डोके वर काढते. टोकापलीकडचे अंतर हिशेबात धरू नये.

चार : पडदा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र काढतो. म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १२० वेळा काढणाऱ्या पडद्यावर त्याच्या निम्मे. तेवढ्या वेळात सगळी मांडणी नव्याने मोजायला लावली तर स्वस्त फोन धापा टाकतो. आधी काढलेले चित्र फक्त सरकवणे, लहान करणे आणि फिके करणे ही कामे हलकी असतात. आपल्या घरांतून महागडे फोन थोडे, साधे जास्त. म्हणून अॅप साध्या फोनवर तपासावे.

फूल आणि फल

आता मूळ मुद्द्यावर येते. इंग्रजी अक्षर डोक्यावर आणि पायाखाली फारसे काही बाळगत नाही. आपल्या देवनागरीचे तसे नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि 'राष्ट्र' यासारखी जोडाक्षरे. तिला ओळीची उंची जास्त लागते. पट्टी ज्याने इंग्रजी नाव समोर ठेवून आखली, त्याच्या पट्टीत मोठा मथळा नीट दिसतो, पण आवरताना जागा कमी पडते आणि अक्षराची कड कापली जाते.

वरची कड कापली तर 'आंबा' या शब्दाचा 'आबा' होतो. खालची कड कापली तर 'फूल' या शब्दाचे 'फल' होते. हसू येते खरे, पण हा विनोद नाही.

माझा एक जुना विद्यार्थी एबेनला संगणकाच्या कंपनीत आहे. संध्याकाळी वेळ काढून तो शाळेच्या मुलांसाठी मराठी शब्दांचे एक लहान अॅप करतो आहे, आणि शब्द तपासण्याचे काम त्याने मला दिले. पहिल्या नमुन्यात 'फूल' हा मथळा होता आणि खाली जास्वंद, गुलाब, मोगरा यांची चित्रे. चौथीतल्या एका मुलीने चित्रे पाहायला पान वर सरकवले, पट्टी आवरली, आणि तिने मोठ्याने वाचले, 'फल'. तिने अगदी जे दिसले तेच वाचले होते. उकार पट्टीच्या कडेखाली गेला होता.

महाराष्ट्रातल्या मुलाला हे घडले असते तर त्याने हसून 'फूल' म्हटले असते, कारण तो शब्द त्याच्या कानात आहे. आपल्या मुलांचे तसे नाही. घरात क्रियोल, वर्गात इंग्रजी आणि फ्रेंच. मराठी शब्द अनेकांना आधी डोळ्यांनी भेटतो, कानांनी नंतर. चुकीचा दिसला तर चुकीचाच मनात बसतो. आणि तो दुरुस्त करणारी आजी आता प्रत्येक घरात उरलेली नाही.

उपाय कठीण नव्हता. ओळीची उंची हाताने बांधून टाकली होती, ती मोकळी केली. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, मुख्य टंकात नसलेल्या लिपीसाठी जो दुसरा टंक वापरला जातो त्याची उंचीही ओळ आखताना धरली जाते. पण उंची आपणच बांधून ठेवली तर या सोयीचा फायदा मिळत नाही. मग आवरलेल्या पट्टीला थोडी जास्त जागा दिली. दोन मापांमधला फरक बदलला, त्यामुळे ८८ च्या जागी नवा आकडा आला. बाकी त्रैराशिक होते तेच राहिले. शेवटी 'र्कीं', 'ष्ट्रू' असली मुद्दाम अवघड अक्षरे मथळ्यात घालून पाव, अर्धा आणि पाऊण प्रवासावर पट्टी थांबवून पाहिली. तिन्ही ठिकाणी कड शाबूत होती.

वडीलधाऱ्यांची सोय

अॅप केवळ मुलांचे नसते. ज्यांची नजर कमी झाली आहे ते फोनमधले अक्षर मोठे करून ठेवतात. पट्टी तपासताना अक्षर सर्वांत मोठे करूनही पाहावे. लांब मथळा लहान पट्टीत मावत नसेल तर त्याचे छोटे रूप आधीच ठरवावे; नाहीतर यंत्र आपल्या मर्जीने तीन टिंबे टाकून शब्द मध्येच तोडते.

पट्टी कितीही आवरली तरी तिच्यातले बटन बोटाला सापडले पाहिजे. ॲपल त्यासाठी कमीत कमी ४४ पॉइंट सांगते, गुगल ४८ डीपी सांगते. थरथरत्या हाताला याहून कमी जागा देणे योग्य नाही. काही लोकांना हलत्या पडद्याने चक्कर येते. अशांसाठी दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सोय आहे. ती ज्याने चालू केली, त्याला शांत, स्थिर, लहान पट्टीच द्यावी. आणि ज्यांना फोन मजकूर वाचून दाखवतो, त्यांच्यासाठी मागे जाण्याचा बाण दिसेनासा झाला तरी हरवता कामा नये.

शेवटची विनंती

आपल्या तरुणांना माझे सांगणे एवढेच की परक्या भाषेसाठी तयार झालेले भाग जरूर वापरा, पण ते आपल्या अक्षराच्या मापाने मोजून घ्या. शिंप्याकडून तयार सदरा आणला तरी बाही आपल्या हाताला लावून पाहतोच ना? तसे.

आणि पालकांनो, मुलांच्या हातात एखादे मराठी अॅप दिले तर पाच मिनिटे त्यांच्या शेजारी बसा. पान हळूहळू वर सरकवा आणि मथळ्याकडे पाहा. अनुस्वार जागेवर आहे का? उकार दिसतो आहे का? एखादा कापलेला दिसला तर अॅप करणाऱ्याला कळवा. त्याला बहुधा ते माहीतच नसते. तोवर तो शब्द मुलांना एकदा मोठ्याने म्हणून दाखवा. पडद्यावरून गळालेला उकार कानात राहील.